चार टक्क्यांची चमक

२०१९ च्या सप्टेंबरमध्ये फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात बीएमडब्ल्यूने आपली एक्स-६ एका अजब काळ्या लेपात उभी केली होती. व्हँटाब्लॅक घराण्यातला हा लेप अंगावर पडलेला जवळजवळ सगळा उजेड गिळून टाकतो. परिणाम असा झाला की गाडीचा आकारच दिसेना. बॉनेटवरच्या घड्या, दारांची वळणं, चाकांवरचे फुगवटे सगळं गायब. दिवे, काचा आणि जाळी अधांतरी लटकलेली एक सपाट काळी आकृती तेवढी उरली. तिचे फोटो जगभर फिरले, पण ती घरी आणावी असं फारसं कुणाला वाटलं नसेल.

शोरूममधल्या ज्या काळ्या गाडीपुढे माणसं थबकतात, ती याच्या नेमकी उलटी असते. तिच्यात छताचे दिवे दिसतात, समोरच्या माणसाचा चेहरा दिसतो, बाहेर काढली तर आभाळ आणि गुलमोहर दिसतो. माणूस भुलतो तो या प्रतिबिंबांना. आणि ही प्रतिबिंबं काळ्या रंगातून येतच नाहीत. ती येतात त्या रंगावर चढवलेल्या पारदर्शक थरातून, ज्याला गॅरेजमध्ये क्लिअर कोट किंवा नुसतं 'क्लिअर' म्हणतात. समोरून पडलेल्या उजेडापैकी या थराचा पृष्ठभाग जेमतेम ४ टक्के परत पाठवतो. उरलेले ९६ टक्के आत शिरतात आणि खालच्या काजळीच्या कणांत संपतात. पांढऱ्या गाडीत हे आत शिरलेलं बहुतेक सगळं सर्व दिशांनी विखरून बाहेर येतं, म्हणून ती कशीही ठेवली तरी उजळ दिसते. काळ्या गाडीकडे फक्त ते चार टक्के असतात. ते एका दिशेने, शिस्तीत परतले तर आरसा. वाटेत विस्कटले तर राखाडी धुरकटपणा. काळ्या गाडीची निगा म्हणजे या चार टक्क्यांची राखण.

आता हा थर किती जाड? पत्र्यावर आधी गंज रोखणारा लेप, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर क्लिअर, अशी सगळी मिळून जाडी १०० ते १४० मायक्रॉनच्या आसपास भरते. त्यातलं क्लिअर ३५ ते ५० मायक्रॉन. ४० धरलं तर मिलिमीटरचा पंचविसावा भाग. लाखो रुपयांच्या गाडीचं सगळं रूप एवढ्याशा पापुद्र्यावर उभं असतं, आणि सूर्याचे अतिनील किरण अडवणारी द्रव्यंही त्यातच मिसळलेली असतात.

पूर्वी असं नव्हतं. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळायची, कारण डांबरासारख्या द्रव्यांपासून बनवलेली ती काळी इनॅमल स्वस्त आणि टिकाऊ होती. तेव्हा रंग आणि चमक एकाच थरात असे. मुंबईत ज्यांनी जुनी काळी-पिवळी चालवली किंवा घरची अँबॅसिडर सांभाळली, त्यांना आठवत असेल: पॉलिश मारलं की फडक्याला गाडीचाच रंग लागायचा. रंग उन्हाने फिका पडला की वरचा मेलेला भाग घासून काढायचा, खालून ताजा रंग निघायचा. दोन-तीन पिढ्यांच्या हातात हीच सवय बसली: घासा म्हणजे चमकेल. १९८० च्या दशकापासून क्लिअर कोट सर्रास आला आणि ही सवय उलटी बाधू लागली. आता घासल्यावर फडक्याला काही लागत नाही, म्हणून वाटतं की झीज होत नाही. ती होते, फक्त जे झिजतं ते पारदर्शक असतं.

दुपारी उन्हात उभ्या काळ्या गाडीच्या बॉनेटकडे पाहा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळं दिसतात. डिटेलिंगवाले त्यांना 'स्वर्ल' म्हणतात, आणि मालक म्हणतो की पोराने गोल गोल पुसलं म्हणून हे झालं. हा गैरसमज आहे. आपण एक पाऊल सरकलो की वर्तुळंही सरकतात, सूर्याच्या प्रतिबिंबाबरोबर चालतात. खऱ्या गोल ओरखड्यांना असं चालता आलं नसतं. मुळात ओरखडे वाटेल त्या दिशांना पसरलेले असतात. पण आपल्या डोळ्याकडे उजेड फेकतात ते फक्त त्या ठिकाणी प्रकाशाला आडवे असलेले, आणि असे सगळे आडवे तुकडे मिळून डोळ्याला वर्तुळ भासतं. रोज घासल्या जाणाऱ्या स्टीलच्या ताटात, दिव्याखाली धरलं की, हेच दिसतं. गोल पुसण्याचा तोटा मात्र खरा आहे, तो वेगळ्या कारणाने: गोल ओरखडा कुठूनही पाहिला तरी त्याचा एखादा तुकडा चमकतोच, सरळ ओरखडा एखाद्याच बाजूने दिसतो. म्हणून हात सरळ रेषेत फिरवावा, पुढून मागे.

हे ओरखडे बहुधा एक-दोन मायक्रॉनपेक्षा खोल नसतात. पांढऱ्या गाडीवरही ते तेवढेच असतात, पण खालून येणाऱ्या लख्ख उजेडात ते बुडून जातात. काळ्यावर पार्श्वभूमी अंधाराची, त्यामुळे केसाएवढी रेघही पेटून उठते. धुळीचंही तसंच. काळी गाडी जास्त मळते असं लोक म्हणतात. मळ सगळ्यांवर सारखाच बसतो, काळी तो लपवत नाही एवढंच. मेटॅलिक किंवा पर्ल काळ्यात मिसळलेले चकाकते कण थोडीफार लपवाछपवी करतात. नुसता, निखळ काळा सगळ्यात नाजूक. गाडी अजून बुक व्हायची असेल आणि वेळ कमी असेल, तर दोन्हींतला हा फरक डोक्यात ठेवावा.

ओरखडे पाडतं कोण? शेजाऱ्याची मांजर किंवा किल्ली फिरवणारं कार्टं क्वचितच. बहुतेक काम रोज सकाळी, पगार देऊन, आपणच करून घेतो. सोसायटीत सहा वाजता गाड्या पुसणारा येतो. एक बादली, एक फडकं, तीस गाड्या. पहिल्या गाडीची धूळ दुसऱ्या गाडीला, दुसरीची तिसरीला. दहाव्या गाडीपाशी बादलीतलं पाणी चहाच्या रंगाचं झालेलं असतं. त्यात आपल्याकडची धूळ म्हणजे पिठी नव्हे. वाळूतला क्वार्ट्झ मोहसच्या काठिण्यपट्टीवर ७ वर बसतो, आणि साध्या लोखंडी खिळ्यालाही त्याचा ओरखडा चुकवता येत नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणातली खनिजं सहाच्या आसपास. खडी क्रशरची कच, बांधकामावरची क्रश सँड, मेट्रोच्या खोदाईची माती, यातला एकेक कण क्लिअरच्या प्लास्टिकसारख्या थरापेक्षा कितीतरी कठीण असतो. तो ओल्या फडक्यात अडकवून गाडीभर फिरवणं म्हणजे अगदी बारीक पॉलिश पेपर मारणं.

त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला पैसे रोज पुसण्याचे मिळतात, आणि एक दिवस गाडी कोरडी राहिली तर तक्रार येते. म्हणून बोलणं आपणच करावं लागतं. "दादा, माझी काळी रोज पुसू नका. आठवड्यातून एकदा नीट धुवा, फडकी मी देतो, पगार तोच." बहुतेकदा तो चमकून बघतो, कारण कमी काम करायला सांगणारा गिऱ्हाईक त्याला भेटलेला नसतो. सिग्नलवर मिळणारं पिवळं फडकं, पिसांचा झाडू, डिकीत पडलेला जुना बनियन, हे सगळं काळ्या गाडीपुरतं हद्दपार. कोरडी धूळ कोरडीच पुसायची नाही, एवढं एक पाळलं तरी बाकीच्या अर्ध्या चुका माफ होतात. धूळ बसली तर बसू द्यावी. धुळीने गाडी मळकट दिसते; ओरखडा पडतो तो ती धूळ घासल्याने.

धुण्याची रीत सगळी याच एका गोष्टीभोवती फिरते: कठीण कण आधी पाण्याने सोडवायचा, मग हात लावायचा. गाडी सावलीत, पत्रा हाताला थंड. आधी नुसत्या पाण्याचा भरपूर मारा, वरून खाली. त्यानंतर शॅम्पूचा फेस अंगावर तीन-चार मिनिटं राहू द्यायचा, मात्र सुकू द्यायचा नाही. आता पुन्हा पाणी. एवढं झाल्यावरच मायक्रोफायबरचा लांब लवांचा हातमोजा. स्पंज नको, कारण त्याच्या सपाट तोंडाशी वाळू अडकून राहते. लवांमध्ये ती आत ओढली जाते. बादल्या दोन: एकीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. प्रत्येक पॅनलनंतर मोजा साध्या पाण्यात खळखळून मगच शॅम्पूत. धुणं संपल्यावर दुसऱ्या बादलीच्या तळाशी जो गाळ दिसतो, तो एकच बादली असती तर गाडीवर गेला असता. दारांच्या खालच्या पट्ट्या आणि मागचा बंपर सगळ्यात शेवटी, चाकांसाठी फडकं पूर्ण वेगळं. भांडी घासायचं लिक्विड वापरू नये. तेल काढणं हाच त्याचा धंदा, ते गाडीवरचं वॅक्सही काढून नेतं.

पुसायच्या टॉवेलबद्दल माझा आग्रह जरा जास्तच आहे, पण सांगतो. जाड मायक्रोफायबर घ्यावा, त्याची कडेची लेबलं कापावीत, घरच्या कपड्यांबरोबर धुवू नये आणि सुगंधी सॉफ्टनर तर मुळीच लावू नये, त्याने धाग्यांवर थर बसून पाणी शोषणं मंदावतं. टॉवेल जमिनीवर पडला तर तो तिथेच निवृत्त झाला. झटकून पुन्हा गाडीला लावायचा नाही, टायरसाठी ठेवायचा.

पाण्याचं प्रकरण मात्र वेगळंच आहे, आणि काळी गाडी खराब व्हायला ते एकटं पुरेसं असतं. पुण्याच्या कडेच्या नव्या वसाहती, सोलापूर, मराठवाडा, जिथे बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरतात तिथे गाडी धुऊन उन्हात ठेवली की तासाभरात पांढरे डाग उमटतात. पाण्यात विरघळलेली कॅल्शियम-मॅग्नेशियमची द्रव्यं, पाणी उडून गेल्यावर मागे राहिलेली. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात; बोअर कधी कधी त्याच्याही पलीकडे जाते. पत्रा तापलेला असेल तर डाग नुसते वर बसत नाहीत, क्लिअरला खड्डा पाडतात. आणि काळा पत्रा तापतोच. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संशोधकांनी एकाच मॉडेलच्या काळ्या आणि चंदेरी गाड्या उन्हात शेजारी उभ्या करून तापमान मोजलं, तेव्हा चंदेरी गाडीचं छत २५ अंश सेल्सियसपर्यंत थंड भरलं.

इथे आपल्याकडची एक सद्भावनेची चूक सांगायला हवी. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी गाडी धुवायला वापरा, असा सल्ला घरोघरी दिला जातो. पाणी वाचवण्याच्या दृष्टीने उत्तम, पण आरओने गाळलेले सगळे क्षार त्याच पाण्यात जमा झालेले असतात. ते टायरला, मॅटला, जोत्याला वापरा. काळ्या बॉनेटवरून शेवटचा हात त्याचा फिरवू नका. उलट एसीच्या नळीतून बाहेर टपटपणारं पाणी जवळजवळ क्षारमुक्त असतं, कारण ती हवेतली वाफ थंड होऊन बनलेली असते. दमट मुंबईत रात्रभरात बादली भरते. ते गाळून शेवटच्या धारेला वापरलं तर टॉवेल फिरवायला थोडा उशीर झाला तरी डाग उरत नाहीत. ताजे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून थंड पत्र्यावर मिनिटभर लावावं आणि धुऊन टाकावं. त्यानेही गेले नाहीत, तर तो डाग क्षाराचा राहिलेला नाही, खड्ड्याचा झालेला आहे.

जिथे पाणीच मोजून येतं तिथे पुन्हा पाण्याने धुवावं न लागणारं, रिन्सलेस म्हणतात ते द्रव बादलीभर पाण्यात मिसळून काम भागवता येतं. त्यातले पॉलिमर मातीचे कण वेढून उचलतात. चिखलाच्या गाडीला ते चालत नाही, साध्या धुळीला पुरतं.

पक्ष्यांची किंवा वटवाघळांची शिट दिसली की लगेच, पण घाई न करता. नखाने किंवा कोरड्या कागदाने खरवडली तर आतल्या बियांचे आणि वाळूचे कण रेघ ओढतात. ओलं कापड पाच-दहा मिनिटं वर ठेवून ती भिजवावी, मग उचलावी. उन्हात राहिली तर नुकसान दुहेरी: एकीकडे आम्ल, दुसरीकडे तापून मऊ झालेलं क्लिअर रात्री आकसताना सुकलेल्या शिटेचा साचा घेतं. मुंबईत कबुतरं, खेड्यांत वडावरची वटवाघळं. कोकणात पौष-माघात आंब्याखाली गाडी लावणाऱ्याला आणखी एक अनुभव येतो. मोहरावरचे तुडतुडे गोड चिकटा गाळतात, त्याचा फवारा गाडीभर बसतो, मग त्यावर काळी बुरशी. आंब्याची सावली त्या दोन महिन्यांत परवडत नाही. बसलाच चिकटा, तर कोमट शॅम्पूच्या पाण्यात भिजवलेलं कापड पसरून वाट पाहावी.

दसऱ्याला बॉनेटवर कुंकवाचा स्वस्तिक काढायचा असेल, तर गाडी आधी धुतलेली असावी आणि कुंकू पाण्यात कालवलेलं. धुळीवर कोरड्या बोटाने काढलेला स्वस्तिक पुढच्या दसऱ्यापर्यंत दिसतो. झेंडूचा हार तारेत ओवलेला नको, दोऱ्यातला घ्यावा. तो जाळीला बांधावा, रंगावर चिकटपट्टी लावू नये. विसर्जनाचा गुलाल मात्र कोरडा असतानाच पाण्याच्या धारेने उडवावा, हाताने नाही.

आणि गाडीचं कव्हर? सोसायटीच्या बंद पार्किंगमध्ये, धुतलेल्या कोरड्या गाडीवर, चालेल. उघड्यावर, धुळीवर घातलेलं कव्हर वाऱ्याने फडफडत दिवसभर तेच काम करतं जे सकाळी फडकं करत होतं. पावसाळ्यात त्याच्याखाली ओल कोंडते ती निराळीच.

आता पडलेल्या ओरखड्यांचं काय करायचं? गॅरेजमध्ये उत्तर एकच मिळतं: "साहेब, रबिंग मारून देतो, नवी कोरी." रबिंग म्हणजे ओरखडा भरणं नाही. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचं क्लिअर झिजवून पातळी सारखी करणं. हलकं पॉलिश मायक्रॉनभर नेतं, जाड कंपाउंड आणि लोकरी पॅड तीन-चार. चाळिसातून दरवर्षी तीन-चार वजा करत गेलं तर आठ-दहा वर्षांनी काय होतं, ते जुन्या गाड्यांच्या छतावर दिसतं: पांढुरके चट्टे, पापुद्रे सुटलेले. त्यावर पॉलिशचा इलाज नाही, फक्त रंगाचा. दुसरी गोम अशी की अनेक पॉलिशांत तेलं असतात, ती ओरखड्यांत भरून बसतात. संध्याकाळी गाडी ताब्यात घेताना आरसा, महिन्याभरात दोन धुण्यांनंतर पुन्हा जाळी. खरं काम झालंय का पाहायचं तर पॅनल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून टॉर्चच्या उजेडात बघावं. एकेरी गतीच्या रोटरी मशीनवर नवखा हात असेल तर काळ्या रंगावर धुक्यासारखे लहरते पट्टे उरतात, गॅरेजवाले त्याला होलोग्राम म्हणतात. दुहेरी गतीचं डीए मशीन हळू असतं, पण हा धोका कमी.

वॅक्सची मजा वेगळी. कार्नौबा वॅक्स ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरून झटकून काढतात, आणि ते ८० अंशांच्या वर वितळतं, म्हणून आपल्या बहुतेक उन्हाला टिकतं. काळ्यावर त्याची खोली सुंदर दिसते. पण आपल्या पावसात काही आठवड्यांचाच सोबती. रविवार घालवायला आवडत असेल त्याने जरूर लावावं.

सिरॅमिक कोटिंगची जाहिरात मात्र नीट वाचायला हवी. '९एच काठिण्य' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं आणि गिऱ्हाइकाला वाटतं की हिऱ्याच्या जवळपास काहीतरी असणार. हा ९एच पेन्सिलीचा आहे. चाचणीत पेन्सिल ४५ अंशात धरून ठरावीक वजनाने पृष्ठभागावरून ढकलतात आणि कोणत्या पेन्सिलीने रेघ पडते ते पाहतात. ९एच ही संचातली सगळ्यात कडक. म्हणजे या लेपावर पेन्सिलीने ओरखडा पडत नाही. क्रशरची कच पेन्सिल नसते. लेप जाडीला मायक्रॉनभर, फार तर थोडा जास्त. तरीही मी त्याला फसवणूक म्हणणार नाही. सिलिकाचा तो थर पाणी आणि मळ चिकटू देत नाही, नुसत्या धारेने बरीच धूळ निघून जाते, हात कमी लावावा लागतो, आणि काळ्या गाडीला हवं असतं ते हेच. बोअरच्या पाण्याचे डाग त्याच्यावरही पडतात, हे विकणारा सांगत नाही.

ओरखडे आणि खडी खरोखर अडवायची तर पीपीएफ. १५० ते २०० मायक्रॉनची पॉलियुरेथेन फिल्म, म्हणजे क्लिअरच्या चौपट जाड. हलके ओरखडे उन्हाच्या उष्णतेने तिच्यात आपोआप मिटतात. संपूर्ण गाडीला लावायचा खर्च भल्याभल्यांना घाम फोडतो. द्रुतगती मार्गावर वरचेवर जाणाऱ्याने बॉनेट आणि पुढचा बंपर एवढंच झाकलं तरी पुष्कळ.

कोटिंग असो की फिल्म, दुकानदार त्याआधी 'करेक्शन' करणारच, आणि तिथे क्लिअर जाणार. तेव्हा मशीन हातात घेण्याआधी त्याच्याकडे रंगाची जाडी मोजणारं यंत्र आहे का ते विचारावं. मुठीएवढं असतं, पत्र्याला टेकवलं की मायक्रॉनचा आकडा दाखवतं. प्लास्टिकच्या बंपरवर मात्र चालत नाही. आकडे सगळीकडे शंभर-सव्वाशेच्या आसपास असतील तर कारखान्याचा रंग शाबूत आहे. एखाद्या दारावर एकदम २०० च्या वर गेला तर तो पॅनल पुन्हा रंगवलेला, हजारात गेला तर खाली लांबी भरलेली. बॉनेटवर सत्तरच्या आत आला तर कुणीतरी आधीच भरपूर रबिंग मारून गेलंय, त्या बॉनेटला मशीन लावू देऊ नये. यंत्रच नाही म्हणाला, तर गाडीची किल्ली परत घ्यावी आणि दुसरं दुकान बघावं.